तुम्ही विचारलंत म्हणून: अजून गुंठ्यातच का?

पुण्यातले ओळखीचे विचारतात, सासरचे विचारतात, आता माझी मुलगीही विचारते: सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, मग तुम्ही सांगलीकडचे लोक अजून गुंठ्यातच का बोलता? आर म्हणजेच गुंठा ना?

नाही. एवढं एकदा नीट ऐकून घ्या. गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद, 1089 चौरस फूट. असे 40 झाले की एकर. आर म्हणजे 100 चौरस मीटर, साधारण 1076 चौरस फूट. फरक तेरा फुटांचा, तोही चौरस. एवढ्याशा फरकाला कोण विचारतंय, असं म्हणून आमच्याकडे सातबाऱ्यावरचं 0.20 सर्रास ‘ईस गुंठं’ असं वाचतात. शिकलेलेही वाचतात.

आबांनी वाळवा तालुक्यात, आमच्या रानाला लागून, भावकीतल्या एकाकडून 20 गुंठे घेतले. दर गुंठ्याचा ठरला, पैसे 20 गुंठ्यांचे मोजून दिले. खरेदीखतात आलं 0.20, म्हणजे 20 आर. कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. पट्टी 330 फूट लांब. तिची रुंदी 66 फूट भरली तर 20 गुंठे पुरे होतात. पहिला ऊस गेल्यावर आबांनी टेप धरला, तर सगळ्या लांबीत रुंदी 9 इंच कमी. पलीकडे तात्यांचं रान. नांगर घालताना बांध कोरायची खोड गावात नवी नाही, त्यामुळे आबांना दुसरं काही सुचलंच नाही. “तात्या, बांध कोरलासा तुम्ही,” एवढंच ते म्हणाले, पण चार माणसांत म्हणाले.

तात्यांनी मोजणी आणली. मोजणीत क्षेत्र बरोबर 20 आर निघालं. आबा म्हणाले, मोजणी फिरवली. त्या उन्हाळ्यात तात्यांच्या विहिरीवरची आमची पाण्याची पाळी बंद झाली आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाचा पुढचा फुटवा, उभा वाळला. माझ्या लग्नाला तात्यांच्या घरातलं कुणी आलं नाही. त्यांच्या बैलगाडीत बसून मी शाळेला गेले होते.

पुढं कधीतरी खरेदीखत हातात आलं आणि मी आकडेमोड केली. 20 गुंठे म्हणजे 21,780 चौरस फूट. 20 आर म्हणजे 21,528. मधले 252 चौरस फूट 330 फूट लांबीवर पसरले की होतात 9 इंच. बांध जागचा हललाच नव्हता. आबांना कागद दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि विचारलं, “मग मी पैसं कशाचं दिलं?”

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी 252 फुटांचे पैसे जास्त दिले होते हे खरंच होतं. फक्त ते तात्यांकडे नव्हते.

कॉलेजात असताना मीच वाद घालायचे की गुंठा, एकर हे सगळं बंद करा, एकच माप ठेवा. त्या मुलीला मी आज विचारीन, बाई, मग आमच्या उसाचं काय करायचं? एकरी 80 टन म्हणजे गुंठ्याला 2 टन, 100 टन म्हणजे अडीच. हे आमच्याकडे निरक्षर बाईही उभ्या उभ्या सांगते. भांगलणीची उक्ती, म्हणजे तण काढायची ठरवून दिलेली मजुरी, गुंठ्यावर, जमिनीचा दर गुंठ्यावर. 33 फूट पावलांनी मोजता येतात. आर कुणी पावलांनी मोजलेला मी पाहिलेला नाही. तुम्ही ‘अजून’ म्हणता ना, ते मला लागतं. आम्ही मागे राहिलो म्हणून गुंठ्यात बोलत नाही, आमचा हिशेब त्यात चालतो.

पण त्या मुलीचंही सगळंच चूक नव्हतं. दर एका मापात आणि दस्त दुसऱ्या मापात, ह्या फटीत आमचं शेजारपण गेलं. म्हणून आता कुणी खरेदीचा कागद दाखवायला आलं की मी चौरस मीटर विचारते. 20 गुंठ्यांना 2023 हवेत. 2000 असतील तर दर कमी करून घ्या, नाहीतर क्षेत्र वाढवून घ्या, असं सांगते. लोक म्हणतात, ताई, एवढ्यासाठी कुठं सौदा मोडायचा.

भाऊ म्हणतो, आपण पहिल्यापासून आरमध्ये बोललो असतो तर तात्या तुटले नसते. मी म्हणते, दस्त गुंठ्याच्या हिशेबानं लिहिला असता तरी तुटले नसते. दिवाळीला ह्यावर आमचं परत वाजलं.