आमची वाटचाल : छितकुलची चूल

पुण्याहून हिमाचलमधल्या किन्नौरला सहली नेणारे आज पुष्कळ झालेत. पण छितकुलला मुक्काम करून स्वतःच्या आचाऱ्याच्या हातचं जेवू घालणारे आम्ही पहिले, हे धंद्यातले जुने लोक मानतात; निदान खासगीत.

सुरुवातीला आम्हीही शिमला-मनालीच करत होतो. त्यात सांगण्यासारखं काही नाही. छितकुल म्हणजे सांगला खोऱ्याचं टोक, बस्पा नदीच्या काठी, ३,४५० मीटरवर. पुढे तिबेटची सरहद्द. बाकीचे तिथे दोन तास गाडी थांबवतात, ‘आखिरी ढाब्या’समोर फोटो, की परत. आम्ही राहतो.

राहायचं तर शिजवावं लागतं. एवढ्या उंचीवर पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात भाताला कणी राहते, तूरडाळ तर दाद देत नाही. म्हणून बावीस लिटरचे कुकर, जादा गास्केटं आणि दोन शिट्ट्या खालूनच बरोबर नेतो. डाळ रात्रीच भिजत पडते. पहाटे थंडीने गॅस नीट येत नाही, भट्टीला जोर नसतो, तेव्हा १९ किलोच्या सिलिंडरला रात्री गोणपाट गुंडाळायचं. हे सगळं आमच्या आचाऱ्याने शोधून काढलं. नंतर तो आचारी कोणी जादा पगार देऊन पळवला, ते धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. नाव घेत नाही.

त्याच गृहस्थाने पत्रकात छापलं, ‘भारत-तिबेट सीमादर्शन’. अहो, छितकुलहून सीमा दिसते कुठे? गावापुढे थोड्या अंतरावर आयटीबीपीची, म्हणजे सीमेवर पहारा देणाऱ्या दलाची, चौकी लागते; तेव्हा तिथून पर्यटकांना परत फिरावं लागे. ही काय वाघा-अटारी आहे, परेड बघायला? पण गिऱ्हाईक आम्हालाच विचारतं, “ते दाखवतात, तुम्ही का नाही?”

मग २०१३ चा जून. पावसाने खोऱ्याचा रस्ता जागोजागी तोडला. आमची तुकडी वर, खाली खोऱ्याच्या तोंडाशी करछमपर्यंत वाट नाही. मुख्यमंत्री वीरभद्र सिंहसुद्धा सांगल्यात अडकले होते, तिथे आमची काय कथा! पण आमच्या लोकांनी एक वेळ उपाशी काढली नाही. कुकर होते, शिधा होता. सांगल्यात उतरलो तर त्या गृहस्थाची माणसं हॉटेलात बिस्किटांवर. त्यांनाही आमच्या पंगतीला बसवलं, पिठलं-भात वाढला. आणि पुण्यात परतल्यावर हेच महाशय लोकांना काय सांगतात? “त्यांचा ग्रुप अडकला होता, बघा.” स्वतःचा ग्रुप जणू पर्वतीवर होता!

त्यात केदारनाथच्या बातम्या. हिमालय म्हटलं की लोक फोन ठेवायचे. पुढच्या तुकड्यांचे पैसे परत केले; तिकडच्या हॉटेलांना दिलेला ॲडव्हान्स मात्र बुडाला. ऑफिस सोडलं, टेबल घरच्या हॉलमध्ये आलं. नाशिकच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका त्या अडकलेल्या तुकडीत होत्या. पुढे भावाला घेऊन जाण्यासाठी त्यांनी आधीच पैसे भरले होते. ते परत करायला गेलो तर म्हणाल्या, “ठेवा. पुढच्या वर्षी धरा, आणि मेतकूट जास्त घ्या.” पुढच्या वर्षी त्या आपल्या भिशीतल्या मैत्रिणींना घेऊन आल्या. तीच त्या संकटानंतरची आमची पहिली भरलेली गाडी. बाईंचा भाऊ अजूनही दरवर्षी सूट मागतो; देतो.

मधली वर्षं बरी गेली.

आता विचारलं नाहीत तरी सांगतो. शिमल्याहून एका दिवसात छितकुल गाठू नका. वाटेत सराहन किंवा सांगल्यात रात्र काढा, नाहीतर उंचीने डोकं धरून बसाल. करछमच्या वरच्या रस्त्याला ड्रायव्हर तिथलाच घ्या, दिल्लीचा नको. जुलैत तर जाऊच नका, दरडी येतात. सगळ्यांना मे महिनाच हवा, शाळेच्या सुट्ट्या म्हणून. सप्टेंबरात या, ओगल्याची (म्हणजे कुट्टूची) शेतं गुलाबी असतात आणि खोलीही स्वस्त पडते. सप्टेंबरच्या तुकडीत अजून जागा आहेत. सीमादर्शन हवं असेल तर त्यांच्याकडे जा.