मागच्या दाराचं हँडल

रविवारी दुपारी श्रीखंड जरा जास्तच झालं होतं. आडवं व्हायचं म्हणून उशी शोधत होतो, तेवढ्यात आतल्या खोलीतून भाच्याची हाक आली, "मामा, हँडल बसवतोस का दाराचं?"

मला वाटलं बाथरूमचं. ते गेले आठ महिने कुणाच्या ना कुणाच्या हातात येतं, आणि ज्याच्या हातात येतं तो ते गुपचूप परत अडकवून ठेवतो. पण भाचा म्हणत होता ते गाडीचं. 'ऑटोमेशन' नावाचा एक गेम आहे, त्यात आख्खी मोटार आपण बनवायची. इंजिनाच्या पिस्टनपासून सीटच्या कातड्यापर्यंत सगळं. गेम तसा एकट्याने खेळायचा, पण ही चार पोरं गाडीची फाइल एकमेकांना पाठवत तो मिळून खेळतात. इंजिन भाच्याकडे, बॉडी नाशिकच्या एका मैत्रिणीकडे, सस्पेन्शन, म्हणजे चाकांवरचे धक्के झेलणारी रचना, चाकणला राहणाऱ्या मित्राकडे. चौथा हिशेब बघतो आणि सगळ्यांना नाही म्हणतो. विषय ठरला होता लक्झरी कन्सेप्ट कार, म्हणजे विकायला नाही, नुसती दाखवायला केलेली आलिशान गाडी. सगळं झालं होतं, हँडलं तेवढी राहिली होती आणि ती लावायचा सगळ्यांना कंटाळा आला होता.

आम्ही लहानपणी दिवाळीत किल्ला करायचो तेव्हा असंच व्हायचं. बुरूज सगळ्यांना हवेत, गुहा सगळ्यांना हवी, आणि माती चाळायला कुणी नको. शेवटी महाराजांना बसवायला जागा उरायची नाही. इथे इंजिनाला उरली नव्हती. भाच्याने हौसेने बारा सिलिंडरचं इंजिन केलं आणि चाकणच्या पोराने पुढे डबल विशबोन, म्हणजे चाकागणिक दोन आडवे हात असलेलं सस्पेन्शन, बसवलं. ते पुढची रुंदी खातं, त्यामुळे इंजिन आत मावेना. दोन दिवस अबोला. मग डबल विशबोन काढून मॅकफर्सन स्ट्रट टाकला, म्हणजे आपल्या रोजच्या साध्या गाड्यांना असतो तोच. चाकणचा पोरगा अजून म्हणतो, घराण्याला बट्टा लागला.

मी खुर्ची ओढून बसलो. हँडल लावणं एकदम सोपं. यादीतून एक उचलायचं आणि माउसने दारावर ठेवायचं, टिकली लावावी तसं. वर, खाली, थोडं तिरपं. समोरच्या दाराचं झालं. मागच्या दाराशी मात्र मी अडलो. ते नक्की कुठे असतं? इतकी वर्षं गाड्यांतून फिरतोय आणि मला सांगता येईना.

मग मोबाइलवर जुन्या कन्सेप्ट गाड्यांचे फोटो बघत बसलो. भाचा मागे सुस्कारे टाकत होता. पहिली कन्सेप्ट कार म्हणून जिचं नाव घेतात ती 1938ची ब्यूइक वाय-जॉब. जनरल मोटर्सचा डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल याने करून घेतली आणि नंतर कितीतरी वर्षं स्वतःच वापरली. काचा विजेवर, हेडलाइट पापणीआड जाणारे आणि दाराची हँडलं पत्र्याच्या पातळीत बसवलेली, बोटाला न टोचणारी. पुढे तर दारंच गेली. 1970 साली इटलीतल्या बेर्तोने या डिझाइन कंपनीने स्ट्रॅटोस झीरो केली. उंची 84 सेंटिमीटर, म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलाहून थोडी जास्त. तिच्यात शिरायचं तर समोरची काच उचलायची आणि बोनेटवरून आत उतरायचं. त्याच वर्षी तिथल्याच पिनिनफारिना कंपनीची मोडुलो आली. तिचं छप्परच काचेसकट पुढे सरकतं. डिझायनर मंडळींचं हँडल या वस्तूशी काही जुनं वैर असावं. साडी नेसलेल्या बाईने या गाड्यांत कसं बसायचं, हा प्रश्न इटलीत कुणाला पडला नसणार.

माझी लक्झरी एका दारात आहे, आणि ते दार बिघडलेलं होतं.

साताऱ्याला आमच्या वाड्यात एक डॉक्टरकाका होते. त्यांची फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढच्या खिडकीला ती छोटी तिकोनी काच, आणि मे महिन्यात मांड्या भाजणारं रेक्झिन. सुट्टीत एकदा तरी ते वाड्यातली सगळी पोरं कोंबून पाचगणीला न्यायचे. पसरणीच्या घाटात गाडी तापायची. काका बोनेट उघडून उभे राहायचे आणि आम्ही करवंदं शोधायला पांगायचो. परत बसताना माझी जागा ठरलेली, मागे डावीकडे. ते दार आतून उघडायचंच नाही. टेबललँडला पोचलं की बाकीची पोरं दुसऱ्या दाराने भसाभस उतरून पळायची आणि मी बसून राहायचो. काका किल्ली खिशात टाकून, गाडीला वळसा घालून यायचे, बाहेरून दार उघडून धरायचे आणि म्हणायचे, "उतरा, सरकार."

दुसऱ्या दाराने उतरता आलं असतं. एकदाही उतरलो नाही.

ते हँडल क्रोमचं होतं, काकांच्या मनगटाच्या उंचीवर. त्यांच्या बोटांनी एका जागी चकाकी जाऊन ते पिवळट पडलं होतं. अरे, म्हणजे मला जागा माहीत होती की. फक्त आतून बघितलेली. मी माउस पकडला आणि मागचं हँडल थोडं खाली घेतलं. भाचा म्हणाला, "पुढच्याशी लेव्हल जात नाहीये." म्हटलं, जाऊ दे.

रोल्स रॉइसने 2016 मध्ये 103ईएक्स नावाची गाडी दाखवली होती. जवळपास सहा मीटर लांब, स्टिअरिंग नाही, ड्रायव्हर नाही. छप्पर वर उचललं जातं, दार आपोआप उघडतं आणि उतरणाऱ्याच्या पायांखाली लाल उजेडाचा गालिचा पडतो. सगळी सोय आहे. सरकार म्हणायला तेवढं कुणी नाही.

संध्याकाळी चौघं ऑनलाइन जमले. गाडी आता 'बीमएनजी ड्राइव्ह'मध्ये नेली होती. हा जर्मनीतल्या ब्रेमेनच्या कंपनीचा गेम. त्यात पत्रा खरोखरीच्या पत्र्यासारखा चेपतो, म्हणून पोरं गाडी आधी चालवतात आणि मग आपटतात. आमची गाडी इटलीतल्या एका वळणाच्या रस्त्याने निघाली. दिसत होती झोकदार. तिसऱ्या वळणावर मॅकफर्सन स्ट्रटने आपली जात दाखवली, निदान चाकणचं म्हणणं तसं पडलं. गाडी कठड्याला घासून उभी राहिली. नाक चेपलं, हँडल जागच्या जागी.

"मागचं दार उघड ना," मी म्हटलं.

"उघडत नाही मामा. वेगळं दारच नाहीये ते. हँडल नुसतं वरून चिकटवलंय."

"बाहेरून पण नाही?"

"आतून नाही, बाहेरून नाही."

हिशेबवाला हेडफोनमधून म्हणाला, की उघडलं असतं तर मी बजेटमध्ये पकडलंच असतं.

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बाथरूमकडे गेलो. हँडलचा एक स्क्रू सापडला, दुसरा नाही. हार्डवेअरचं दुकान रविवारी बंद असतं.