बर्फातला रुमाल

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसाला बॉस्टनचा हिवाळा परका वाटणार नाही. इथे गाडी लावायची जागा धरायला रुमालाऐवजी खुर्ची असते, एवढंच.

वादळाचा इशारा आला की दुकानांतून दूध, ब्रेड आणि अंडी आधी गायब होतात. जणू गावभर फ्रेंच टोस्टचाच बेत आहे. मराठी घरांत चौकशी वेगळी: कोथिंबीर मिळाली का? गाडीचे वायपर उभे करून ठेवायचे, नाहीतर ते काचेलाच गोठून बसतात. ताशी ५६ किलोमीटरचा वारा आणि चारशे मीटरपलीकडचं दिसेनासं, असं सलग तीन तास चाललं की हवामान खातं त्याला ब्लिझर्ड म्हणतं. तोवर आपण खिडकीशी चहा घेत बसायचं. खरी कंबर मोडते ती दुसऱ्या दिवशी.

ताजा बर्फ भुसभुशीत, फावड्यावर सहज येतो. पण पालिकेचा प्लाऊ रस्ता साफ करत जातो आणि सगळा राडा कडेच्या गाड्यांवर लोटतो. तो चेपलेला, मिठाने ओलावलेला बर्फ उपसता उपसता थंडीतही आतला बनियन भिजतो. शेवटी गाडीपुरती जागा मोकळी होते आणि तेव्हाच नेमकी कामावर जायची वेळ होते. मग तिथे मोडकी खुर्ची, इस्त्रीचं टेबल, केशरी शंकू, हाताला येईल ते मांडून निघायचं. रस्ता सरकारी, पण घाम आपला! पालिकाही हे चालवून घेते, मात्र बर्फाची आणीबाणी उठल्यावर ४८ तासच. पुढे खुर्ची कचऱ्याच्या गाडीत.

२०१४-१५ च्या हिवाळ्यात इथे ११०.६ इंच, म्हणजे नऊ फुटांहून जास्त बर्फ पडला. टाकायला जागा उरेना म्हणून ट्रक भरभरून त्याचे डोंगर रचले. बंदराजवळचा डोंगर पुरता वितळायला १४ जुलै उजाडला!

शेजारच्या आजींच्या पायऱ्या न सांगता साफ करणारा भला गृहस्थच, कोणी त्याची खुर्ची हलवली तर टायरची हवा काढायला निघतो. एसटीत निदान कंडक्टर तरी मध्ये पडतो. माझं मत विचाराल तर खुर्चीपेक्षा बादली बरी. तिच्यात तोच बर्फ ठासून भरला की वाऱ्याने हलत नाही आणि कोणी पळवलीच तरी फार जीव जळत नाही.