मुद्दा बरोबर होता, तरी कुणाला पटला नाही

मागे ऑफिसात रक्तदान शिबिर ठरलं आणि त्याचा मेल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी अगदी मन लावून लिहिला. रक्तदान हे श्रेष्ठदान, समाजाचं ऋण, आपलं कर्तव्य, आपल्या थेंबाथेंबाने वाचणारे जीव, सगळं घातलं त्यात आणि खोटं असं एक वाक्य नव्हतं. दोन दिवसांत चार नावं आली.

मग आमच्याकडच्या एक सिनियर मॅडम, ज्या कित्येक वर्षं नेमाने रक्त देतात, त्या म्हणाल्या मी लिहून बघू का. त्यांचा मेल जेमतेम दहा ओळींचा. सुरुवातच अशी की मला सुईची भीती वाटते, अजूनही वाटते, टोचताना मी तोंड फिरवते. मग वेळेचा हिशोब, म्हणजे रक्त काढायला साधारण १० मिनिटं, पण फॉर्म, तपासणी आणि नंतरचा आराम धरून तासभर मोकळा ठेवा. मग एक ओळ, की साठवलेल्या प्लेटलेट्स साधारण ५ दिवसच टिकतात, त्यामुळे मागच्या आठवड्यात कुणी दिलेल्या आज कामाच्या नाहीत. आणि शेवटी, ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे किंवा काही औषधं चालू आहेत त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा, नाही जमलं तर त्यात कमीपणा काही नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत यादी भरली.

हे माझ्या डोक्यातून जाईना. मुद्दा तोच, माणसं तीच, मग फरक कशाने पडला? तेव्हापासून मी या विषयाचं मिळेल ते वाचत सुटलोय.

यातलं मूळ ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलपाशी जातं, इसवी सनापूर्वी चौथं शतक. त्याने सांगितलं की बोलून पटवायचे मार्ग तीन, ईथॉस, पेथॉस आणि लोगॉस, आपल्या भाषेत बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या मनातली भावना आणि मुद्द्यातला दम. हे तीन शब्द कम्युनिकेशनच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये स्लाइडवर येतात आणि तिथेच राहतात, कारण खरी गंमत त्याच्या बारकाव्यांत आहे.

विश्वासाचंच घ्या. आपल्याला वाटतं विश्वास म्हणजे नाव, पद, अनुभव. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो तसं नाही, तो विश्वास त्या बोलण्यातूनच तयार व्हायला हवा, आधीच्या लौकिकावर नाही. आणि ऐकणारा नकळत तीन गोष्टी तपासत असतो, याला यातलं कळतं का, हा माणूस सरळ आहे का, आणि याला माझं भलं हवंय का. आता मॅडमचा मेल परत बघा. प्लेटलेट्सची ओळ म्हणजे कळतं. सुईची भीती कबूल केली म्हणजे सरळ आहे. आणि 'नाही जमलं तर कमीपणा नाही' ही ओळ म्हणजे तुझं भलं आधी, माझी यादी नंतर. माझ्या मेलमध्ये यातलं काहीच नव्हतं, मी वाचणाऱ्याला कर्तव्य शिकवत होतो, आणि शिकवणाऱ्या माणसाचं ऐकायला आधी तो आपल्या बाजूचा वाटावा लागतो.

भावनेबद्दल तर अ‍ॅरिस्टॉटल आधी चक्क तक्रार करतो. त्याच्या काळात भाषणकला शिकवणारे लोक न्यायाधीशांना राग, मत्सर, दया कशी आणायची एवढंच शिकवायचे, त्यावर तो म्हणतो की हे म्हणजे ज्या पट्टीने मोजायचं तीच आधी वाकडी करून ठेवण्यासारखं आहे. किती नेमकं आहे हे! आणि तरी पुढे तोच माणूस राग, भीती, दया, लाज यांवर प्रकरणंच्या प्रकरणं लिहितो, राग कुठल्या मनःस्थितीत येतो, कुणावर येतो, कशावरून येतो. मला आधी हे परस्परविरोधी वाटलं होतं. आता वाटतं नाही, त्याला भावनेचं वावडं नव्हतंच, मुद्द्याशी संबंध नसलेल्या भावनेचं होतं. मुद्दा समजल्यामुळे जो राग येतो तो वेगळा आणि मुद्दा समजू नये म्हणून जो आणवला जातो तो वेगळा.

याचं मला सगळ्यात भावलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेत काळ्या लोकांच्या समान हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांचं २८ ऑगस्ट १९६३ चं वॉशिंग्टनमधलं भाषण. समोर अडीच लाखांच्या आसपास माणसं. सगळ्यांना त्यातलं 'माझं एक स्वप्न आहे' आठवतं, पण मी म्हणेन त्याच्या आधीचा भाग नीट ऐका, चेकचा. ते म्हणतात की देशाच्या संस्थापकांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि संविधान लिहिलं तेव्हा प्रत्येक नागरिकाच्या नावे एक वचनचिठ्ठी लिहून दिली, काळ्या नागरिकांना मात्र देशाने बाद चेक दिला, खात्यात पुरेसे पैसे नाहीत असा शेरा मारून परत आलेला. पण न्यायाची बँक बुडालीय हे आम्ही मानायला तयार नाही. आता यात लॉजिक कुठलं आणि भावना कुठली हे वेगळं काढून दाखवा बरं! वचन दिलं होतं, सही केली होती, पैसे दिले नाहीत, हा पूर्ण हिशोब आहे आणि चेक बाउन्स झाल्यावर काय वाटतं ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. शिवाय उभे कुठे होते तर लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर, त्याच राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या १८६३ च्या गुलाममुक्तीच्या घोषणेला १०० वर्षं झाली त्या साली. जागा आणि वेळ यांनी निम्मं बोलणं आधीच केलं होतं. योग्य वेळ साधण्याला ग्रीकांकडे कैरॉस असा शब्दच होता.

अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते ती म्हणजे न बोललेलं वाक्य. मॅडमनी 'मागच्या आठवड्यातल्या आज कामाच्या नाहीत' एवढं लिहिलं आणि थांबल्या. 'म्हणून तुम्ही या' हे त्यांनी लिहिलं नाही, ते वाचणाऱ्याने मनात पूर्ण केलं, आणि आपण स्वतः काढलेला निष्कर्ष आपल्याला दुसऱ्याने सांगितलेल्यापेक्षा जास्त पटतो. अ‍ॅरिस्टॉटल अशा युक्तिवादाला एन्थिमीम म्हणतो आणि पटवण्याचा गाभाच मानतो.

पण फसवणूकही इथेच लपते. जाहिरातीत पांढरा कोट घातलेला माणूस टूथपेस्ट हातात धरून हसतो, मी डॉक्टर आहे असं तो कुठेही म्हणत नाही, ते आपण म्हणतो. तसंच ऑफर संपायचं उलटं घड्याळ, ते दर वेळी पेज उघडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आणि ते फॉरवर्ड, ज्यात रडणाऱ्या मुलाचा फोटो असतो पण तारीख, ठिकाण, विचारायला नंबर काहीच नसतं. हत्यारं तीच आहेत, विश्वास, भावना, तर्क, वेळ. मी हल्ली एकच गोष्ट करून बघतो, अजून माहिती विचारतो. मुद्दा खरा असेल तर माहिती वाढली की भावना अजून पक्की होते, प्लेटलेट्सचं मी नंतर जितकं वाचलं तितकं मला ते जास्तच लागलं. आणि पट्टी वाकडी केलेली असेल तर प्रश्न विचारल्यावर समोरचा चिडतो, घाई करतो किंवा तुला काही मनच नाही असं म्हणतो.

शिबिराच्या दिवशी मी मॅडमना विचारलं की तुम्ही एवढी वर्षं देताय ते कशामुळे. त्यांच्या अगदी जवळच्या नात्यातल्या कुणाला एकदा रात्री रक्त लागलं होतं आणि मिळायला सकाळ झाली होती. मी म्हटलं मग हे मेलमध्ये का नाही लिहिलं, सगळे आले असते. त्या म्हणाल्या, "आले असते ना, पण मग ज्याला खरंच द्यायचं नाही त्यालाही नाही म्हणता आलं नसतं. तशी जबरदस्ती मला नकोय."

तेवढ्यात टेबलापाशी एक नवीन लागलेला मुलगा फॉर्म घेऊन आला, हात थोडे थरथरत होते, आणि त्याने हळूच विचारलं, "मॅडम, तोंड फिरवलं तर चालतं ना?" त्यांनी त्याच्यासाठी भिंतीकडचा बेड मोकळा करायला सांगितला.