राहुरीच्या अलीकडे

नगरहून हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला पायी जाण्याचा नवस माझा नव्हता. तो सासूबाईंचा होता. त्या गेल्या आणि तो आम्हा दोघी सुनांच्या वाट्याला आला. जमिनीच्या वाटणीपासून जाऊबाई आणि मी चार वर्षे बोलत नव्हतो. एकाच झेंड्यामागे आम्ही जपमाळ म्हणत होतो, पण मध्ये चार माणसे ठेवून.

विळदचा घाट कधी उतरला, ते आठवत नाही. आठवतो तो रस्त्याकडेच्या खडीचा टोचरा स्पर्श, ट्रकांचा धुरळा आणि आमच्याच टेम्पोवरच्या कर्ण्याचा आवाज, ज्याने माझे डोके उठले होते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगातून आळवले, ते टाळावर हळू म्हणावे असे शब्द त्या कर्ण्यातून नुसते आदळत होते. मी मनात चिडत होते आणि ओठांनी ‘प्रभू, दया कर’ म्हणत होते.

कृषी विद्यापीठ मागे पडले आणि माझ्या उजव्या टाचेवरचा फोड टेकवेना. दिंडी पुढे गेली. मी एका वस्तीपुढच्या लिंबाखाली बसले, तर आतून सत्तरीच्या एक आजी आल्या. गळ्यात तुळशीची माळ होती. मी कुठली, कुठे चालले, यातले काहीही न विचारता त्या समोर बसल्या आणि त्यांनी माझा पाय मांडीवर घ्यायला हात पुढे केला. मी पाय आखडला. चिखलाने माखलेला पाय त्या वयाच्या बाईच्या हातात द्यायचा, हे मला सहन होईना.

“मागं नको घेऊ, बाई. पंढरीच्या वाटंला माझे पाय किती जणींनी धुतलेत, त्याची मोजदाद न्हाई.”

त्यांनी तांब्यातल्या कोमट पाण्याने बोटांच्या बेचक्यांतून चिखल काढला, पदराने पाय टिपला, सुई दिव्यावर धरली आणि हळद-तेलात भिजवलेला दोरा फोडातून आरपार ओवून दोन्ही टोके बाहेर ठेवली, म्हणजे पाणी झिरपत राहते आणि कातडे निघत नाही. निघताना कागदाला गुंडाळलेला दोरा आणि सुई त्यांनी माझ्या पिशवीत टाकली.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी फादर १२ जणांचे पाय धुतात, तो विधी मी लहानपणापासून पाहत आले आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुवायला येतो, तेव्हा त्याचा शिष्य पेत्र म्हणतो, माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीत. आणि मला त्याचा तो नम्रपणाच वाटत आला होता. त्या लिंबाखाली मला कळले की त्यात ताठाही होता, आणि तो माझ्यातही होता. प्रभूने मला तारले असे मी रोज म्हणत होते, पण ज्याला तारायचे तो मळलेला पाय त्याच्यापुढे कधी धरलाच नव्हता. मी तिथे बसून खूप रडले. आजी गाईला पाणी दाखवायला गेल्या.

त्यानंतर चालताना टाच दुखत होतीच, पण पाय उचलण्याचे बळ माझे नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. मुळेचा पूल, बेलापूर, प्रवरा, श्रीरामपूर आणि दोन्ही बाजूंचा ऊस मागे गेला. हरेगावात मतमाउलीपुढची रांग एवढी लांब होती की मेणबत्ती हातातच मऊ झाली. सासूबाईंसाठी मी प्रार्थना केली. स्वतःसाठी काय मागावे, ते सुचले नाही.

रात्री मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, संपल्यावर मैदानात, तंबूच्या कडेला जाऊबाई एकट्याच चप्पल काढून बसल्या होत्या. बाटलीच्या झाकणाएवढे दोन फोड होते. मी पाणी आणले, पिशवीतून सुई-दोरा काढला आणि समोर बसले.

“राहू द्या, तुम्ही नका,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी पाय मागे घेतला.

चार वर्षांतले ते त्यांचे पहिले शब्द होते. मी त्यांचा पाय सोडला नाही.