पेटंट ऑफिसातला लॅटिनवाला

मंगळवार, रात्री साडेअकरा

आजही मोडीचं एकच पान, तेही अर्धवट. ऑफिसातून आलो, जेवलो, टेबलाचा दिवा लावला आणि एका शब्दापाशी तासभर अडलो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहायची रीत नाही. 'दिन' म्हणावं की 'दीन'? पहिलं असेल तर तारीख, दुसरं असेल तर गाऱ्हाणं.

अशा वेळी मला इंग्रज पंडित ए. ई. हाउसमन आठवतो. लोक त्याला कवी म्हणून ओळखतात, पण खरा उद्योग लॅटिनचा. १८८१ साली ऑक्सफर्डच्या शेवटच्या परीक्षेत सपशेल नापास. मग लंडनच्या पेटंट ऑफिसात दहा वर्षं कारकुनी. ऑफिस सुटलं की स्वारी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात, लॅटिन कवींचे पाठ, म्हणजे मुळात नेमके शब्द कोणते होते ते, तपासत. त्यावरचे लेख असे काही गाजले की १८९२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजानं त्याला लॅटिनचा प्राध्यापकच केलं. आपण नापास झालो होतो हे त्यानं अर्जात स्वतःच लिहिलं होतं! (आम्ही अजून दहावीच्या गणिताचे मार्क लपवतो.) १९११ पासून केंब्रिज.

काम म्हणाल तर आमच्यासारखंच. मध्ययुगीन लॅटिन हस्तलिखितांत कितीतरी अक्षरं म्हणजे नुसत्या उभ्या रेघा. तीन रेघा दिसल्या तर 'म' वाचायचं, 'इन' वाचायचं की 'नि'? नकलणाऱ्यानं चुकवलं, पुढच्यानं ती चूक 'सुधारली', आणि मूळ शब्द गेला.

त्यानं आयुष्य घातलं ते मनिलियसवर. हा रोमन कवी ग्रहताऱ्यांवर आणि भविष्यावर पद्य लिहायचा. त्याच्या काव्याची शुद्ध केलेली आवृत्ती, १९०३ ते १९३०, पाच खंड, पदरचे पैसे घालून. आणि एका मित्राला पत्रात काय लिहितो, तर मनिलियसवर वेळ घालवू नका, त्याला यातलं काही कळत नाही! हे वाचून मी मोठ्यानं हसलो होतो. पहिला खंड लॅटिन कविता लिहून मोझेस जॅक्सनला अर्पण केला. ज्याच्यावर जन्मभर एकतर्फी जीव लावला तो हा मित्र, तेव्हा कराचीत. म्हणजे आपल्याच मुंबई इलाख्यात, तिथल्या कॉलेजचा प्राचार्य.

वर्गात हा माणूस कोरडा ठाक. कवितेबद्दल चकार शब्द नाही, फक्त पाठ आणि व्याकरण. पण मे १९१४ मध्ये, केंब्रिजची झाडं मोहरलेली असताना, रोमन कवी होरेसचं एक गीत शिकवून झाल्यावर त्यानं मान वर केली. आता थोडा वेळ हे नुसतं कविता म्हणून पाहू, म्हणाला. बर्फ गेलं, गवत परतलं, ऋतू फिरून येतात; आपण गेलो की धूळ आणि सावली. आधी लॅटिन वाचलं, मग स्वतःचं इंग्रजी भाषांतर. प्राचीन साहित्यातली सगळ्यात सुंदर कविता हीच असं मी मानतो, एवढं घाईघाईनं पुटपुटला आणि ताडताड निघून गेला. म्हातारा आता रडतो की काय, अशी एका विद्यार्थ्याला धास्ती वाटली.

मला त्या कवितेइतकंच ते निघून जाणं आवडतं.

हे लिहीत होतो तेवढ्यात हिनं विचारलं, "अजून जागे? आहे तरी कुणाचं पत्र?"

"एका कुळाचं. सारा माफ करा म्हणतोय."

"मग दीनच असणार की," ती म्हणाली आणि दिवा घालवून गेली.