लाकूड-रेल्वेची वाट: फ्रँकोनिया ब्रूकच्या पुढचा टप्पा

अमेरिकेत लाकूड वाहणाऱ्या एका जुन्या, बंद पडलेल्या रेल्वेच्या मार्गावरून आता पायवाट जाते, तिच्याबद्दलच्या या नोंदी. मागच्या नोंदीत लिंकन वूड्सच्या पार्किंगपासून फ्रँकोनिया ब्रूक या ओढ्यापर्यंतचा 4.7 किलोमीटरचा पट्टा झाला होता. आता पुढचा, म्हणजे बाँडक्लिफ शिखराची वाट रेल्वेची साथ सोडून डोंगर चढायला लागते तिथपर्यंतचा. पार्किंगपासून मोजलं तर ते ठिकाण साधारण 7.6 किलोमीटरवर येतं.

नवीन मंडळींसाठी थोडी उजळणी. न्यू हॅम्पशर राज्यातल्या व्हाइट माउंटन्स या डोंगररांगेत जे. ई. हेन्री या लाकूड व्यापाऱ्याने 1893 मध्ये ईस्ट ब्रँच अँड लिंकन रेल्वे सुरू केली. पेमिगेवॅसेट नदीच्या पूर्वेकडच्या फाट्याच्या काठाने ती वर जंगलात शिरली आणि तिच्या शाखा जवळजवळ प्रत्येक ओढ्याच्या खोऱ्यात गेल्या. खाली लिंकन गावात लाकूड कापायची गिरणी, पुढे कागदाचा लगदाही. 1917 मध्ये हेन्रींच्या वारसांनी सगळा कारभार पार्कर-यंग कंपनीला विकला आणि 1948 मध्ये गाडी कायमची थांबली. रूळ भंगारात गेले, स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे लाकडी ठोकळे, बरेचसे जागच्या जागी राहिले. आज आपण चालतो ते त्यांच्यावरून.

पहिल्या पट्ट्याबद्दल बहुतेकांची एकच तक्रार असते: सपाट, सरळ, कंटाळवाणा. मला ती पटत नाही. 4.7 किलोमीटरमध्ये जेमतेम 90 मीटरचा चढ म्हणजे दर पन्नास मीटरला एक मीटर. पावसाच्या पाण्याने किंवा जनावरांच्या पायांनी पडलेली वाट एवढा हिशेबी चढ कधीच धरणार नाही. हा चढ इंजिनासाठी बेतला होता: रिकामे डबे वर न्यायचे आणि ओंडक्यांनी भरलेले ब्रेकवर खाली आणायचे. नदीच्या बाजूला भराव, डोंगराच्या बाजूला खोदाई, आणि पाण्याला निचऱ्यासाठी कडेने चर. हे एकदा डोळ्यात बसलं की कंटाळायला वेळ मिळत नाही. स्लीपरांचा त्रास मात्र खरा आहे. त्यांचं अंतर रुळांच्या सोयीचं, आपल्या पावलाच्या नाही. एकावर पाय टाकावा तर पाऊल तोकडं पडतं, दोन ओलांडावेत तर फार लांब. मी शेवटी कडेने चालायला लागले.

आता नवीन पट्टा. फ्रँकोनिया ब्रूकवरच्या पादचारी पुलापाशी पहिली गंमत. वाट जुनी सरळ रेषा सोडून थोडी वरच्या बाजूला वळते आणि ओढा ओलांडते. रेल्वेचा पूल त्याच्या खालच्या अंगाला होता. माझा आता नियमच झाला आहे: रेल्वेची वाट विनाकारण वळली असं वाटलं की वळायचं नाही, थांबून समोर सरळ बघायचं. इंजिनाला असं चटकन वळता येत नाही. त्यामुळे वळण माणसाचं आणि सरळ रेषा रेल्वेची. समोर झाडीत भराव अचानक तुटलेला दिसतो, आणि पलीकडच्या काठावर त्याच उंचीवर पुन्हा सुरू होतो. ब्लॅक ब्रूकलाही हेच. चालणाऱ्यांचा पूल वेगळा, रेल्वेचा लाकडी ट्रेसल, म्हणजे उभ्या-आडव्या खांबांवरचा पूल, जुन्या रेषेवर होता. ही रेल्वे जिथे वाटेपासून सुटते तिथेच ती सगळ्यात स्पष्ट कळते, निदान मला तरी.

पुलानंतर पेमिगेवॅसेट अभयारण्य-क्षेत्र लागतं. 1984 मध्ये अमेरिकेच्या संसदेने त्याला ‘वाइल्डरनेस’चा दर्जा दिला, क्षेत्रफळ सुमारे 45 हजार एकर. चाकाची खुर्ची सोडली तर चाकाची कुठलीही वस्तू आत न्यायची नाही, सायकलसुद्धा नाही. ज्या जमिनीवर अर्धं शतक गाड्या धावल्या तिथे आता हातगाडीलाही मज्जाव, हे मला दर वेळी गमतीचं वाटतं. खुणा आणि पाट्या इथे मुद्दाम कमी ठेवतात. पुढे नदीवर झुलता पूल होता, तो वनखात्याने 2009 मध्ये काढून टाकला आणि त्याबरोबर जुन्या वाइल्डरनेस ट्रेलचा तो तुकडाही बाद झाला. म्हणजे रेल्वेची वाट चालणाऱ्यांची झाली, आणि आता तिचा काही भाग चालणाऱ्यांकडूनही सुटतो आहे.

जंगल बघून इतिहास कळतो का? काही अंशी. हेन्रींना हवा होता स्प्रूस, हे सुईसारख्या पानांचं झाड. तोडीनंतर फांद्या-पाल्याचे ढीग तसेच पडून राहत आणि ते वाळले की आगीला निमित्तच लागत नसे. 1907 मध्ये आउल्स हेड या डोंगराच्या बाजूला मोठी आग लागली. अशा बोडक्या, जळक्या डोंगरांमुळेच लोकमत तापलं आणि 1911 मध्ये वीक्स कायदा झाला, ज्याखाली सरकार पूर्वेकडची खासगी जंगलं विकत घेऊ लागलं. उतारांवर पांढऱ्या सालीचे बर्च एकाच वयाचे, एकाच उंचीचे दाट उभे दिसले तर तिथे तोड किंवा आग झाली असणार, असा अंदाज बांधायला हरकत नाही. एकट्या झाडावरून मात्र निष्कर्ष काढू नका.

व्यावहारिक नोंद एवढीच. पानं गळून गेल्यावर आणि बर्फ जाड होण्याआधी जा. भराव आणि खोदाई तेव्हाच नीट दिसतात, आणि बोटभर बर्फात स्लीपर शिडीच्या पायऱ्यांसारखे उठून येतात. आधी घरी लायडारचा, म्हणजे विमानातून लेसरने मोजलेला, उघड्या जमिनीचा नकाशा काढून बघा. झाडी पुसली की शाखांच्या रेघा एकदम वर येतात, मग जुने टोपोशीट (उंचीच्या रेषांचे नकाशे) शेजारी ठेवून पडताळायच्या. कामगारांच्या तळांजवळ लोखंडी पत्रे, चुलीचे तुकडे, खिळे दिसतील. फोटो काढा, हात लावू नका. सरकारी जमिनीवरच्या जुन्या वस्तू उचलणं बेकायदा आहे. इंजिनच बघायचं असेल तर या रेल्वेचं पाच नंबरचं लिंकनमध्ये लून माउंटन या स्कीच्या ठिकाणी उभं आहे.

पुढच्या नोंदीत फ्रँकोनिया ब्रूकची शाखा, तेरा धबधब्यांकडे जाणारी. तिथे बीव्हरांनी (ओढ्यावर लाकडांचे बांध घालणारे प्राणी) बांध घालून रेल्वेचा भराव जागोजागी पाण्याखाली घातला आहे, त्यामुळे उंच बूट लागतील. कुणी अलीकडे जाऊन आलं असेल तर पाणी कुठवर आहे ते सांगा.